गेमचं 'लो' सेटिंग आणि आपल्या खानदेशचे भास्कराचार्य

जुन्या पीसीवर स्कायरिम किंवा विचर ३ सारखा मोठा आरपीजी नीट कसा चालवायचा, हा प्रश्न जळगावात मला सगळ्यात जास्त विचारला जातो. मोबाईलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांनाही हे नवीन नाही. स्मूथ, बॅलन्स्ड, एचडी असे पर्याय समोर येतात आणि आपण विचारात पडतो, की दिसायला भारी पाहिजे की चालायला भारी?

थोडक्यात उत्तर देतो. सगळ्यात आधी शॅडो कमी करा, मग ड्रॉ डिस्टन्स. टेक्स्चरला हात शेवटी लावा, कारण ग्राफिक्स कार्डची मेमरी पुरत असेल तर टेक्स्चरमुळे स्पीड फारसा पडत नाही. शॅडो मॅप ४०९६ वरून २०४८ वर आणला की कार्डाला एक चतुर्थांशच ठिपके काढावे लागतात. तरीही अडकत असेल तर रिझोल्युशन १०८० वरून ७२० करा. २०,७३,६०० पिक्सेलचं काम ९,२१,६०० वर येतं. ६० एफपीएस हवे असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बसेल तेच ठेवायचं, बाकीचं कमी करायचं.

पण भो, आज मला गेमबद्दल कमी आणि एका माणसाबद्दल जास्त सांगायचंय. 'लो' आणि 'अल्ट्रा' अशी दोन्ही सेटिंग्ज या माणसाने सुमारे साडेआठशे वर्षांपूर्वी स्वतः बनवली होती, आणि तीही आकाशातल्या ग्रहांसाठी.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. सह्याद्रीच्या कुशीतल्या विज्जडविड नावाच्या गावी आपण राहतो, असं त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलंय. हे गाव नेमकं कोणतं यावर वाद आहे. काही जण विजापूर म्हणतात, बरेच जण चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. मी जळगावचा, म्हणून पाटणच्या बाजूने आहे असं समजू नका. माझं कारण वेगळंय, ते पुढे येईल.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये त्यांनी सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. लीलावती ही त्यांची मुलगी, तिचं लग्न घटिकापात्रात मोती अडकल्यामुळे मोडलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गोष्ट गोड आहे, पण मूळ ग्रंथात ती नाही. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्यातून ती पसरली.

आता खरी गंमत बघा. लीलावतीत पायची किंमत दोनदा दिलीय. सूक्ष्म हवी तर ३९२७ भागिले १२५०, म्हणजे ३.१४१६. रोजच्या व्यवहाराला स्थूल चालत असेल तर २२ भागिले ७. एकाच पुस्तकात हाय आणि लो, आणि कोणती कुठे वापरायची तेही सांगितलेलं!

ज्या, म्हणजे आपण शाळेत साइन शिकतो ते, तिच्या बाबतीत तर चक्क तीन लेव्हल आहेत. गेममध्ये कॅमेरा फिरला, तलवार वळली की साइन लागतोच. ग्रह कुठे दिसेल हे काढायलाही लागतो. पण प्रत्येक वेळी तो मुळापासून कोण काढणार? म्हणून आधीच तक्ता करून ठेवायचा. १९९३ च्या डूम गेमने हेच केलं होतं. पूर्ण वर्तुळाचे ८१९२ भाग करून साइनचा तयार तक्ता गेममध्येच ठेवला होता, कारण तेव्हाचे प्रोसेसर हळू होते.

भास्कराचार्यांकडे प्रोसेसर कुठला? धूळ पसरलेली पाटी आणि बोट. त्यांचा नेहमीचा तक्ता २४ किमतींचा, पावणेचार अंशांच्या पायऱ्यांचा. अल्ट्रा हवं असणाऱ्यांसाठी ज्योत्पत्तीत एकेका अंशाने पुढे जायची रीत दिलीय, म्हणजे ९० किमतींचा तक्ता तयार होतो. आणि लो सेटिंग? फक्त नऊ आकडे. २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. त्रिज्या १२० धरायची, दर दहा अंशांना एक आकडा मिळवत जायचं. तीन आकडे मिळवा, ६० येतात. ३० अंशांचा साइन अर्धा, बरोबर? सगळे मिळवले की १२०, म्हणजे ९० अंश.

मधल्या अंशांचं काय? २४ अंश घ्या. २० अंशांपर्यंत ४१ झाले. पुढच्या दहा अंशांना १९ आहेत, तर चार अंशांना ७.६. एकूण ४८.६. खरं उत्तर ४८.८१ च्या आसपास. साधं चालेल असं. पण भास्कराचार्य इथे थांबत नाहीत. ब्रह्मगुप्तांची जुनी युक्ती ते वापरतात. मागचा आकडा २०, पुढचा १९, त्यांची सरासरी १९.५. दोघांतल्या फरकाला उरलेल्या चार अंशांनी गुणून २० ने भागायचं, ०.२ येतात, ते वजा करायचे. आता १९ ऐवजी १९.३ धरा. उत्तर ४८.७२. चूक निम्म्याहून कमी झाली आणि तक्ता तेवढाच राहिला! गेममधलं टेक्स्चर फिल्टरिंग याच जातीचं काम करतं. ठिपके तेच, पण मधली जागा हुशारीने भरायची. म्हणून ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग सहसा बंद करू नका, खर्च थोडा आणि फायदा डोळ्याला दिसणारा.

इ.स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल लिहिलं. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठ्या मनाचं काम. सिद्धांतशिरोमणीत गणित कल्पाच्या आरंभापासून चालतं. कल्प ४३२ कोटी वर्षांचा, त्यातली सुमारे १९७ कोटी वर्षं उलटलेली. आजपर्यंतचे दिवस मोजायचे तर बारा अंकी संख्या हातात येते, आणि तिचे गुणाकार पाटीवर करायचे! पंचांग करणाऱ्या गावच्या जोशीबुवांना हे कसं परवडणार? करणकुतूहलात मोजणी ११८३ पासूनच सुरू होते. दहा वर्षांनी ग्रह काढायचा तर साडेतीन हजारांवर थोडे दिवस, बस्स. मोठ्या ओपन वर्ल्ड गेममध्येही नकाशाच्या शून्यापासून फार लांब गेलं की आकड्यांची अचूकता ढासळते, म्हणून काही गेम शून्यबिंदूच खेळाडूजवळ सरकवतात. युक्ती तीच.

ज्याने अल्ट्रा व्हर्जन लिहिलं, त्यानेच म्हातारपणी साध्या हार्डवेअरसाठी वेगळी आवृत्ती काढली. अशी काळजी आजच्या किती गेम कंपन्या घेतात?

आता पाटणचं कारण. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाकडे होता, आणि नातू चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. इ.स. १२०७ च्या दानाची नोंद असलेला शिलालेख तिथे आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजींनी तो उजेडात आणला. लेख बहुतेक संस्कृतात, पण शेवटचा भाग आपल्या जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातला वाटा मठाला द्यायचा, असं त्यात लिहिलंय. म्हणजे ते नऊ आकडे पुढच्या पोरांना शिकवायचा खर्च गावचा बाजार उचलत होता.

पाटणादेवीला पिकनिकला जाल तेव्हा हा नऊ आकड्यांचा तक्ता मोबाईलमध्ये सेव्ह करून न्या. ३७ अंशांचा साइन काढून बघा, कॅल्क्युलेटर नंतर उघडा.