रोज 18 ग्रॅम व्हिटॅमिन सी घेणारा नोबेल विजेता: लायनस पॉलिंग आणि लिपोसोमल बाटलीमागचं विज्ञान

रील्स बघताना मध्येच ती जाहिरात येतेच. काळी बाटली, चमच्यात घट्टसर पिवळं लिक्विड आणि खाली मोठ्या अक्षरात लिपोसोमल व्हिटॅमिन सी. साध्या गोळीपेक्षा कितीतरी पट जास्त अंगी लागतं, असा दावा. हा दावा किती खरा आहे हे समजून घ्यायचं असेल, तर आधी लायनस पॉलिंग या माणसाची गोष्ट माहीत हवी. व्हिटॅमिन सी भरपूर प्रमाणात घेण्याचं वेड जगाला लावलं ते मुख्यतः त्यांनीच.

पॉलिंग यांचा जन्म 1901 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात झाला. वडील औषधविक्रेते होते, पण लायनस नऊ वर्षांचे असतानाच ते वारले आणि घराची परिस्थिती बिकट झाली. तरी पोराने शिक्षण सोडलं नाही. पुढे कॅलटेकमध्ये त्यांनी अणू एकमेकांना कसे जोडले जातात यावर जे काम केलं, त्यासाठी 1954 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अणुचाचण्यांविरुद्धच्या लढ्यासाठी 1962 चं शांततेचं नोबेलही मिळालं. कोणाशीही वाटून न घेता दोन नोबेल मिळवणारे ते आजवरचे एकमेव! डीएनएच्या रचनेत मात्र ते चुकले होते. 1953 मध्ये त्यांनी तीन पदरांची रचना मांडली, आणि खरे पदर निघाले दोन. म्हणजे एवढा मोठा माणूसही घाईत चुकायचा, हे लक्षात ठेवा.

1966 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका भाषणात, विज्ञानातले नवे शोध बघायला आणखी काही वर्षं जगायला मिळावीत, असं काहीसं ते बोलून गेले. ते ऐकून आयर्विन स्टोन नावाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने त्यांना पत्र पाठवलं: रोज 3 ग्रॅम व्हिटॅमिन सी घ्या. पॉलिंग यांनी सुरू केलं, त्यांना बरं वाटलं, सर्दी कमी झाली. त्यांचा युक्तिवादही ऐकायला पटणारा होता. बहुतेक प्राणी हे व्हिटॅमिन स्वतःच्या शरीरात बनवतात, बकरी तर रोज ग्रॅममध्ये बनवते. माणसाचं त्यासाठीचं जनुक मात्र केव्हाच निकामी झालंय. मग आपणही ग्रॅममध्येच घ्यायला नको का? 1970 मध्ये सर्दी आणि व्हिटॅमिन सीवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि अमेरिकेत गोळ्यांचा खप जोरात वाढला. नंतरच्या चाचण्यांत दिसलं ते एवढंच की रोज घेतल्यास सर्दी किंचित लवकर आटोपते. सामान्य माणसाची सर्दी त्याने टळत नाही.

खरा घोळ इथे झाला

स्कॉटलंडचे सर्जन युअन कॅमेरॉन शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना रोज 10 ग्रॅम व्हिटॅमिन सी देत होते. 1976 मध्ये त्यांनी आणि पॉलिंग यांनी मिळून जाहीर केलं की हे रुग्ण जास्त जगले. तुलना जुन्या रेकॉर्डमधल्या रुग्णांशी होती, त्यामुळे पुरावा कच्चाच. मग मेयो क्लिनिकने 1979 आणि 1985 मध्ये नीट चाचण्या घेतल्या. फायदा शून्य. पॉलिंग प्रचंड चिडले, वाद पेटला. पण एक गोष्ट त्या भांडणात बाजूलाच राहिली. कॅमेरॉन सुरुवातीचे काही दिवस शिरेतून देत होते आणि मेयोने सगळं तोंडाने दिलं होतं.

यात एवढा काय फरक? तुमचा फोन 10 वॉट चार्जिंग सपोर्ट करत असेल, तर 120 वॉटचा चार्जर लावूनही तो 10 वॉटच घेणार. आतड्याचंही तसंच आहे. तिथे व्हिटॅमिन सी आत ओढून घेणारी वाहक प्रथिनं असतात आणि त्यांची क्षमता ठरलेली. पॉलिंग यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1996 मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मार्क लेव्हिन यांच्या टीमने हे मोजून दाखवलं. 200 मिलिग्रॅमपर्यंतचा बहुतेक डोस शोषला जातो. एका वेळी 1 ग्रॅमच्या वर गेलात की निम्म्याहून कमी आत जातं. उरलेलं आतड्यात पाणी ओढतं, म्हणून पोट बिघडतं. रक्तात जास्तीचं गेलंच तर किडनी ते लघवीतून बाहेर टाकते. शिरेतून दिलं की आतड्याचं हे गेट लागतच नाही, त्यामुळे रक्तातली पातळी कितीतरी पट वर जाते. अर्थात, पातळी वाढली म्हणजे कॅन्सर बरा झाला असं अजिबात नाही. तसं अजूनही सिद्ध झालेलं नाही.

हेच गेट चुकवण्याची आयडिया म्हणजे लिपोसोम. गंमत म्हणजे, पॉलिंग यांना ते पत्र आलं त्याच दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहममध्ये ॲलेक बँगहॅम यांना दिसलं होतं की फॉस्फोलिपिड पाण्यात फुगले की आपोआप सूक्ष्म फुगे तयार होतात. आपल्या पेशींचं आवरणही याच पदार्थाचं. फुग्याच्या पोटात व्हिटॅमिन सी भरलं की काही भाग वाहक प्रथिनांवर अवलंबून न राहता पेशीत शिरू शकतो. छोट्या अभ्यासांत रक्तातली पातळी साध्या व्हिटॅमिन सीपेक्षा थोडी जास्त दिसली, पण शिरेतल्या डोसच्या आसपासही नाही. शिवाय जठरातलं ॲसिड आणि पित्त यांतून किती फुगे शाबूत राहतात, बाटलीत खरंच फुगे आहेत की नुसतं लेसिथिन घोटलंय, हे लेबल वाचून कळत नाही. आणि रक्तात पोचल्यावर किडनी आहेच, ती फुगा बघत नाही.

पॉलिंग यांच्या पत्नी एव्हा हेलन यांना पोटाचा कॅन्सर झाला. व्हिटॅमिन सी चालू होतं, तरी 1981 मध्ये त्या गेल्या. पॉलिंग स्वतः उतारवयात रोज 18 ग्रॅम घ्यायचे. 19 ऑगस्ट 1994 ला, 93 व्या वर्षी, प्रोस्टेट कॅन्सरने त्यांचं निधन झालं. त्यांचे समर्थक वयाकडे बोट दाखवतात, टीकाकार आजाराकडे. मला विचाराल तर एका माणसावरून दोन्ही सिद्ध होत नाही.

त्यांच्या नावाची संस्था आता ओरेगॉन स्टेट विद्यापीठात आहे. निरोगी प्रौढांसाठी ती रोज 400 मिलिग्रॅम सुचवते. भारतात आयसीएमआरची शिफारस त्याहून बरीच कमी, पुरुषांना 80 आणि स्त्रियांना 65 मिलिग्रॅम. 100 ग्रॅम पेरूमध्ये साधारण 200 मिलिग्रॅम असतं.