विश्लेषण : म्युनिकचे जोसेफ विर्शिंग मालाडकर कसे झाले?

खारदांड्यातून पूर्वेला आले की एसव्ही रोड लागतो. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही घोडबंदर रोड. हाच रस्ता उत्तरेकडे धरला की मालाड पश्चिमेला बॉम्बे टॉकीज कम्पाउंड येते. आज तिथे छोटे कारखाने आणि गाळ्यांची दाटी आहे. ९० वर्षांपूर्वी मात्र याच आवारात म्युनिकहून आलेले एक कॅमेरामन रोज कामावर जात होते. ‘अछूत कन्या’पासून ‘महल’ आणि ‘पाकीजा’पर्यंतचे चित्रपट टिपणारे जोसेफ विर्शिंग नोकरीसाठी परक्या शहरात आले, रुळले, एका रात्रीत ‘शत्रू’ ठरले आणि तरीही इथेच राहिले.

भारतात ते पहिल्यांदा कधी आले?

विर्शिंग यांचा जन्म १९०३ चा, म्युनिकचा. तिथल्या एमेल्का स्टुडिओत ते कॅमेऱ्याचे काम शिकले. १९२५ मध्ये गौतम बुद्धांच्या जीवनावरील ‘प्रेम संन्यास’ या मूकपटासाठी दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्यासोबत ते भारतात आले. निर्मितीत पुढाकार होता हिमांशू रॉय यांचा. तेव्हा विर्शिंग जेमतेम २२ वर्षांचे होते. ती फेरी पाहुण्याची होती. चित्रीकरण संपले आणि मंडळी परत गेली.

मग मालाडमध्ये बस्तान कसे बसले?

१९३४ मध्ये हिमांशू रॉय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीजची स्थापना केली. जागा मिळाली ती बडे वित्तपुरवठादार एफ. ई. दिनशॉ यांच्या मालाडच्या बंगल्याची. त्या काळी मालाड मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नव्हते, ते आले थेट १९५७ मध्ये. पण बोरिवलीपर्यंत विजेवरची लोकल १९२८ पासूनच धावत होती. म्हणजे शहराचा गोंगाट दूर आणि शहर मात्र लोकलच्या अंतरावर. बोलपटाच्या स्टुडिओला याहून सोयीचे ठिकाण सापडणे कठीण होते.

रॉय यांनी जुन्या जर्मन सहकाऱ्यांना बोलावून घेतले. दिग्दर्शनाला ऑस्टेन, कॅमेऱ्याला विर्शिंग, प्रयोगशाळेत विल्हेल्म झोले आणि नेपथ्याला कार्ल फॉन स्प्रेटी. (हेच स्प्रेटी पुढे पश्चिम जर्मनीचे राजदूत झाले आणि १९७० मध्ये ग्वाटेमालात अपहरणानंतर मारले गेले.) या वेळी काम एका चित्रपटापुरते नव्हते. पगारी नोकरी होती, ठरलेले वेळापत्रक होते आणि एक चित्रपट संपण्याआधी दुसऱ्याची तयारी सुरू होत असे.

भाषा येत नसताना काम कसे चालायचे?

हा या कहाणीतला सर्वांत रंजक भाग. चित्रपट हिंदुस्थानीत, दिग्दर्शक आणि कॅमेरामन जर्मन. बंगाली लेखक निरंजन पाल यांचे शिक्षण लंडनमधले, संवाद हिंदीत लिहिणारे जे. एस. कश्यप वेगळे, संगीत देणाऱ्या सरस्वती देवी पारशी. हिमांशू रॉय आणि देविका राणी यांनी जर्मनीत काम केलेले असल्याने दोन्ही बाजू त्यांना कळत होत्या. आयटी कंपनीत आज जशी चार देशांची टीम एका प्रोजेक्टवर बसते, तसाच हा प्रकार, फक्त व्हिडीओ कॉलशिवाय.

विर्शिंग यांच्यासाठी एक गोष्ट सोपी होती. कॅमेरामनला संवादाचा अर्थ कळण्याआधी चेहऱ्यावर उजेड कुठून पडतो ते पाहावे लागते. अडचण आवाजाची होती. पार्श्वगायन अजून रुळलेले नव्हते. ‘अछूत कन्या’त (१९३६) अशोककुमार आणि देविका राणी यांनी स्वतःच गाणी म्हटली. प्रयोगशाळेत काम करणारे अशोककुमार नायक झाले तेही याच स्टुडिओत. ब्राह्मण मुलगा आणि अस्पृश्य समाजातील मुलगी यांची ही गोष्ट, रेल्वे फाटकाजवळ घडणारी. तिचे गाव पडद्यावर आणण्यात म्युनिकच्या माणसांचा हात होता, हे तेव्हाच्या किती प्रेक्षकांना ठाऊक असेल?

चार-पाच वर्षांत ऑस्टेन-विर्शिंग जोडीने डझनाहून अधिक चित्रपट केले. विर्शिंग यांच्या हाताखाली भारतीय सहायक तयार होत गेले. बाहेरून माणसे आणायची ती काम शिकून घेण्यासाठी, हे रॉय यांचे गणित बरोबर ठरले. १९४३ चा तुफान गाजलेला ‘किस्मत’ आर. डी. परींजा यांनी चित्रित केला, तेव्हा स्टुडिओत जर्मन कॅमेरामन नव्हता.

१९३९ मध्ये काय घडले?

सप्टेंबरमध्ये ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. ब्रिटिश हिंदुस्थानातील जर्मन नागरिक त्या क्षणी शत्रुराष्ट्राचे ठरले. ‘कंगन’चे काम सुरू असतानाच ऑस्टेन, विर्शिंग आणि इतर जर्मनांना ताब्यात घेण्यात आले.

ऑस्टेन १९३६ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले होते. पुढे त्यांची सुटका झाली आणि ते जर्मनीला परतले. विर्शिंग यांची कैद मात्र लांबली. अशा जर्मनांना आधी अहमदनगर, मग देवळाली आणि नंतर डेहराडूनच्या छावणीत ठेवले जाई. गिर्यारोहक हाइनरिश हारर १९४४ मध्ये तिबेटकडे निसटले ते डेहराडूनच्याच छावणीतून. विर्शिंग यांची उमेदीची वर्षे अशी तारेच्या कुंपणाआड गेली. दरम्यान, ज्यांनी त्यांना बोलावले ते हिमांशू रॉय मे १९४० मध्ये वारले. १९४५ मध्ये देविका राणी यांनीही चित्रपटसृष्टी सोडली.

सुटकेनंतर ते परत का गेले नाहीत?

म्युनिक बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाले होते. मुंबईतली जुनी कंपनी डळमळली होती, पण ओळखीची माणसे इथेच होती. एके काळी प्रयोगशाळेत काम करणारे अशोककुमार आता बॉम्बे टॉकीज चालवणाऱ्यांपैकी एक होते. विर्शिंग यांनी पुन्हा मालाडमध्येच कॅमेरा हाती घेतला.

त्यातून आला ‘महल’ (१९४९). दिग्दर्शक कमाल अमरोही यांचा हा पहिला चित्रपट, मधुबालाला मोठे यश देणारा आणि लता मंगेशकर यांचा आवाज घराघरांत नेणारा. लांब सावल्या, झोपाळ्यावरची आकृती, अर्धा चेहरा अंधारात. जर्मन मूकपटांची ही शैली हिंदी भयपटाला जणू कायमची चिकटली.

‘पाकीजा’ त्यांनी पूर्ण केला का?

नाही. अमरोही यांच्यासोबत ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०) झाला. ‘पाकीजा’चे काम १९५० च्या दशकातच सुरू झाले होते. कृष्णधवल, मग रंगीत, मग सिनेमास्कोप असे त्याचे रूप बदलत गेले आणि १९६४ मध्ये चित्रीकरण थांबले. १९६७ मध्ये विर्शिंग यांचे मुंबईत निधन झाले. उरलेले काम इतर कॅमेरामननी केले. चित्रपट ४ फेब्रुवारी १९७२ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा छायाचित्रणाचे श्रेय विर्शिंग यांच्या नावावर होते.

चित्रीकरणाच्या जोडीने ते स्थिर छायाचित्रेही काढत. त्यांच्या हजारो निगेटिव्ह कुटुंबाने जपल्या आणि २०१७ मध्ये गोव्यातील सेरेंडिपिटी कला महोत्सवात त्यांतील छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. त्यात तारे-तारका आहेतच, पण सेटवर काम करणारी आणि पडद्यावर कधीच न दिसलेली माणसेही आहेत.