पाणी देणारा सेनापती : अब्दुल रहीम खानखाना

बऱ्हाणपूर म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला १६८१ सालची संभाजी महाराजांची स्वारी आठवते, नाहीतर १६३१ मध्ये तेथे मरण पावलेली मुमताज महल. मी तापीकाठच्या याच गावचा. मला मात्र आधी आठवते ते आमच्या गावचे पाणी, आणि त्या पाण्याबरोबर ज्याचे नाव घ्यावे लागते तो अब्दुल रहीम खानखाना. त्याचे दोहे हिंदीच्या तासाला आपण पाठ केले; हे दुसरे काम फारसे कुणाला ठाऊक नसते, म्हणून हा लेखप्रपंच.

रहीमचा जन्म १५५६ साली लाहोरला झाला. वडील बैरामखान हे बालवयीन अकबराचे पालक. १५६१ मध्ये मक्केच्या वाटेवर गुजरातेत पाटण येथे त्यांचा खून झाला, तेव्हा रहीम जेमतेम चार वर्षांचा होता. अकबराने त्याला आपल्या छत्राखाली वाढवले. १५८४ मध्ये गुजरातचे बंड मोडल्यावर त्याला खानखाना हा किताब मिळाला. १५८९ मध्ये त्याने बाबराचे तुर्की आत्मचरित्र फारसीत आणले. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात लेखणी, असे हे जीवन होते.

१६०१ मध्ये असीरगड पडला, खानदेश मोगलांकडे आला आणि दख्खनच्या स्वाऱ्यांचे ठाणे बऱ्हाणपूरला पडले. रहीमचा मुक्काम कित्येक वर्षे येथेच होता. फौज, व्यापारी, विणकर यांनी शहर गजबजले. एवढ्या माणसांना बारमाही निर्मळ पाणी द्यायचे कसे? शत्रूने तापीत विष कालवले तर काय, ही धास्तीही होती असे गावात सांगतात.

उत्तर सापडले जमिनीखाली. सातपुड्यावर पडलेला पाऊस मुरून तापीकडे झिरपतो. तबकुतुल अर्ज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इराणी जाणकाराने १६१५ च्या सुमारास हे झरे वाटेतच अडवले. शंभराहून अधिक कुंड्या खोदून त्या तळाशी भुयाराने जोडल्या. भुयाराला हलका उतार दिला, त्यामुळे मोट नाही, रहाट नाही, पाणी आपल्या पायांनी शहरात आले. हाच आमचा कुंडी भंडारा. विशेष म्हणजे, ज्या मलिक अंबरशी रहीमचे हाडवैर, त्यानेही त्याच सुमारास खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, अशीच नहर आणली. रणात शत्रू, पण रयतेच्या तहानेपुढे दोघांचा विचार एक!

याचे मोल आरोग्याच्या दृष्टीने पाहावे. दूषित पाण्यातून पटकी पसरते, याचा पुरावा लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दिला. त्याआधी सव्वादोनशे वर्षे बऱ्हाणपूरच्या माणसाला धूळ, गुरे आणि सांडपाणी यांपासून दूर, झाकलेल्या वाटेने आलेले पाणी मिळत होते. जंतूंचे ज्ञान नव्हते, पण निर्मळ पाण्याची कदर होती.

रहीमची अखेर मात्र दुःखाची झाली. कर्तबगार पुत्र शाहनवाझखान १६१९ मध्ये गेला. त्याची कबर बऱ्हाणपुरातच आहे. पुढे शाहजहानच्या बंडात रहीम ओढला गेला आणि दुसरा पुत्र दाराबखान मारला गेला. १६२७ मध्ये त्याने दिल्लीत देह ठेवला.

२०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा घरोघरी नळाचे पाणी पोहोचलेला देशातील पहिला प्रमाणित जिल्हा ठरला. २०२४ मध्ये भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. याचा मला अभिमान वाटतो. पण भुयारांच्या भिंतींवर चुन्याचे थर चढत आहेत, डोंगरउतारावरची झाडी विरळ झाली आहे आणि केळीच्या बागांसाठी बोअर खोल खोल जात आहेत. नळ कितीही बसवले तरी जमिनीत पाणी मुरले नाही तर त्यांतून येणार काय? रहीमने एका दोह्यात मोत्याचे, माणसाचे आणि पिठाचे पाणी राखायला सांगितले आहे. दोहा आपल्याला पाठ आहे. पाणी राखणे तेवढे बाकी आहे.