श्रीसंत नरहरी सोनार आणि करगोट्याचे माप

पंढरीच्या संतमेळ्यात रिकामा बसलेला माणूस सापडणे कठीण. सावतोबा अरणला मळा राखीत, गोरोबाकाका तेरला चाक फिरवीत, नामदेवराय शिंप्याच्या कुळातले, सेनामहाराज न्हाव्याचा धंदा करीत. याच मेळ्यात खुद्द पंढरीत दुकान मांडून सोन्याचे दागिने घडवणारे एक महापुरुष होऊन गेले, ते श्रीसंत नरहरी सोनार. ज्ञानेश्वरमाउलींनी शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली. नरहरीमहाराजांच्या समाधीचा शक परंपरेने १२३५, म्हणजे इ. स. १३१४, असा सांगतात आणि माघ वद्य तृतीयेस त्यांची पुण्यतिथी करतात. महिपतिबुवा ताहराबादकरांनी भक्तविजयात त्यांची कथा गायिली. तो ग्रंथ १७६२ सालचा. मधे जवळजवळ साडेचारशे वर्षे गेली. तेव्हा या कथेकडे कोणी दप्तरातल्या नोंदीसारखे पाहू नये. अनेक पिढ्यांच्या हातून ती आपल्यापर्यंत आली आहे आणि तिचे वजन तिच्या अर्थात आहे.

हे चरित्र आज सांगावेसे वाटण्यास एक कारण आहे. आमची भिवंडी मागांची. रात्रंदिवस येथे धोटा चालतो, आणि कोणाचे घर कशावर चालते असे विचारले तर दहात कितीतरी जण सुताचे किंवा कापडाचे नाव घेतील. पण हल्ली आमच्याकडची काही मुलेमुली दागिने घडवण्याच्या वर्गाला जाऊ लागली आहेत. कोणी सोनाराच्या घरचे नव्हेत. पूर्वी ही विद्या बापाच्या मांडीशी बसून मुलाने घ्यायची. बाहेरच्याला भट्टीजवळ उभे करीत नसत. मुंबईस सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली, १८९१ साली तिला रे साहेबांच्या नावाच्या कार्यशाळा जोडल्या गेल्या आणि तेथे धातूचे काम वर्गात बसवून शिकवू लागले. तेव्हापासून ही वाट हळूहळू रुंद झाली. आज एखादी विणकराची लेकसुद्धा तांब्याची अंगठी घडवून घरी आणते. या नव्या शिकाऊ मंडळींना सोनारकीचा मूळपुरुष कोण म्हणून विचाराल, तर वारकऱ्याने नरहरीमहाराजांकडेच बोट दाखवावे.

आता कथा ऐका. नरहरीमहाराज कडवे शिवभक्त. पंढरीत मल्लिकार्जुनाचे देवालय आहे, तेथे त्यांची नित्य पूजा. शिव सोडून दुसऱ्या देवाला मान लववायची नाही, हा घराण्याचा बाणा. पंढरीत राहून विठ्ठलाच्या राउळात पाऊल टाकायचे नाही, एवढेच नव्हे, तर शिखराकडे डोळा वर करून बघायचे नाही, इथपर्यंत मजल. साऱ्या देशातून लोक ज्याच्या पायांसाठी चालत येतात, त्याच्या दारातला हा माणूस पाठ करून बसलेला. हाताला मात्र गुण असा, की दागिना घडवावा तर नरहरीनेच.

एका सावकाराला मूल नव्हते. त्याने विठोबाला नवस केला, की मुलगा झाला तर तुझ्या कमरेला रत्नजडित सोन्याचा करगोटा घालीन. मुलगा झाला. सावकार सोने घेऊन पंढरीस आला आणि लोकांनी त्याला नरहरीच्या दुकानी पाठवले. नरहरीने ऐकले आणि सांगितले, की करगोटा घडवीन, पण राउळात येणार नाही; तुम्हीच देवाच्या कमरेचे माप आणा. सावकाराने दोऱ्याने माप आणले. त्या मापाबरहुकूम काम झाले. नेऊन देवाच्या कमरेला घातला तो सैल. परत आणला, कमी केला, पुन्हा नेला तो तोकडा. सावकार हवालदिल झाला.

वाचकहो, येथे सोनाराच्या जागी बसून पाहा. दागिना मापात बसला नाही तर लोक प्रथम कोणता संशय घेतात? सोन्यावर. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. गुंजभर इकडची तिकडे झाली तरी सोनाराची पत जाते. दोनदा माप चुकले म्हणजे नरहरीच्या हाताची कीर्ती पणाला लागली, आणि सचोटीही. आणि दोष तर हातात नव्हता! आणलेल्या दोऱ्याप्रमाणे काम नेमके होते. दोष एवढाच, की ज्याच्या अंगावर दागिना जायचा त्याच्याकडे कारागीर बघायला तयार नव्हता. दुसऱ्याच्या हातचा दोरा कधी ताणलेला असतो, कधी ढिला. वर्गात पहिल्या महिन्यात मुलांना हेच सांगावे लागते, की बोटाचे माप आपण घ्या, ज्याचे बोट त्याला समोर बसवा.

शेवटी नरहरी राउळात यायला कबूल झाले, पण डोळ्यांना फडके बांधून! मूर्ती पाहायची नाही, हाताने चाचपून माप घ्यायचे. लोक हसले असतील. सावकाराने हात धरून गाभाऱ्यात नेले. नरहरींनी हात पुढे केला, तो हाताला लागली पाच मुखे, दहा हात, मस्तकी जटा, गळ्यात सर्प, कमरेला व्याघ्रचर्म. आपलेच आराध्य! घाईने फडके सोडले. समोर विटेवर कर कटीवर ठेवून विठ्ठल उभा. पुन्हा डोळे बांधले. हाताखाली पुन्हा शंकर. पुन्हा सोडले, पुन्हा विठ्ठल. मग मात्र फडके गळून पडले ते कायमचे. नरहरींनी चरणी मिठी घातली आणि करगोटा देवाच्या कमरेला बरोबर बसला.

आता या चमत्काराचे मर्म पाहा. वेदान्तात एक जुना दृष्टांत आहे. कडे, कुंडल, अंगठी ही नावे आणि आकार निराळे, सोने एकच. पाठशाळेतले विद्यार्थी तो घोकून पाठ करतात. नरहरींना घोकायची गरजच नव्हती. तो दृष्टांत त्यांच्या मुशीत रोज वितळत होता. जुनी पाटली मोडून गोठ करायचा, गोठ मोडून सरी करायची, हा ज्याचा दिवसभराचा उद्योग, त्याने देवाच्या बाबतीत मात्र आकारालाच सत्य धरले आणि सोने ओळखले नाही. विद्या हातात होती, पण ती हातातून हृदयात उतरायची राहिली होती. पांडुरंगाने त्यांना नवे काही शिकवले नाही. त्यांचाच धंदा त्यांना समजावून सांगितला.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. नरहरींनी शिव टाकून विठ्ठल धरला नाही. एक देव टाकून दुसरा घेतला असता तर तो फक्त पक्षबदल झाला असता. त्यांना दोघांत एक दिसला. म्हणूनच आपला वारकरी एकादशी धरतो आणि सोमवारही धरतो, विठोबाच्या मस्तकी शिवलिंग आहे असे मानतो, आणि माळ घालून शिवरात्रीला महादेवाच्या देवळात जाताना त्याला अवघडल्यासारखे होत नाही. ज्या गावात अनेक पंथांची आणि धर्मांची माणसे एकाच गल्लीत पोट भरतात, त्या आमच्या भिवंडीसारख्या गावाला तर या चरित्राची गरज फार. डोळ्यांवर फडके बांधून शेजाऱ्याचे माप घेतले, की ते सैल तरी होते, नाही तर तोकडे.

पुढे नरहरीमहाराजांनी दुकान बंद केले काय? नाही. ते सोनारच राहिले. त्यांच्या प्रसिद्ध अभंगात ते स्वतःला देवाचा सोनार म्हणवतात आणि साऱ्या हत्यारांना परमार्थात कामाला लावतात. देहाची बागेसरी, गुणांची मूस, विवेकाचा हातोडा, मनबुद्धीची कातर, ज्ञानाचा ताजवा. सोनार सोने चोरतो असा जगाचा आळ; तोही ते हसत अंगावर घेतात आणि आपण चोरले ते रामनाम, असे सुचवतात. आपल्या धंद्याची निंदासुद्धा ज्याने देवाला वाहिली, त्याची गोडी काय वर्णावी!

नव्या शिकाऊ मुलामुलींनी या अभंगाशेजारी आपले काम ठेवून पाहावे. धातू ठोकत गेले की तो कडक होतो. तसाच ठोकत राहिले तर चिरतो. म्हणून मधूनमधून ताव द्यावा लागतो, मग तो पुन्हा नरम होतो. जो गुरू नुसता ठोकतो आणि मायेची ऊब देत नाही, त्याच्या हातचा शिष्यही असाच चिरतो. सांधा जोडताना डाख लावतात. सांध्यावर मळ किंवा तेलकटपणा असेल तर डाख धरत नाही. म्हणून आधी घासायचे, टाकणखार लावायचा. आणि दोन्ही तुकडे सारखे तापले पाहिजेत, कारण डाख तापलेल्या बाजूकडे धावतो; एक तापला आणि एक थंड राहिला, तर तो एकाच बाजूला जाऊन बसतो आणि सांधा कोराच राहतो. जीव आणि शिव यांचा सांधा जोडायचा तर याहून निराळी रीत नाही. काम झाले की तुकडा काळा पडलेला असतो. जुने सोनार चिंचेच्या पाण्यात उकळून तो उजळ करीत. पहिल्याच दिवशी चमक मागणाऱ्याने हे काळेपण सोसायला शिकावे.

आणि एक सचोटी. १६ जून २०२१ पासून सरकारने सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने आणली. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो, म्हणजे हजार भागांत नऊशे सोळा भाग शुद्ध सोने. उत्तम झाले, गिऱ्हाइकाचे रक्षण झाले. पण शिक्का दागिन्याचा कस सांगतो, घडवणाऱ्याचा सांगत नाही. तांब्याच्या अंगठीवर कोणी शिक्का मारीत नाही. तरी तिची आतली कड, जी कोणाला दिसत नाही आणि बोटाला मात्र टोचते, ती कानशीने घासून गुळगुळीत करायची की नाही, हे घडवणाऱ्यावरच असते. तेथे त्याचा कस लागतो.

तात्पर्य, नरहरीमहाराजांना देव भेटला तो धंदा सोडून नव्हे, माप घेता घेता. हात प्रामाणिक होता, म्हणून डोळे बांधलेले असतानाही त्या हाताला सत्य लागले. ज्याने हातोडी नुकती धरली आहे त्याने एवढे ध्यानी ठेवावे, की ज्याच्यासाठी घडवायचे त्याच्याकडे पाठ करून कोणताही दागिना बरोबर बसत नाही. पंढरीस जाल तेव्हा नरहरीमहाराजांच्या समाधीवर माथा टेकवा आणि मल्लिकार्जुनाचेही दर्शन घ्या.

रामकृष्णहरि.