थंडी आत शिरत नाही, ऊर्जा बाहेर जाते : लॉर्ड केल्विन यांची गोष्ट



डिसेंबर-जानेवारी आला की आपल्या नाशिक जिल्ह्यात पेपर उघडल्यावर पहिली नजर जाते ती निफाडच्या पाऱ्यावर. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद चार-पाच अंशांवर आली की द्राक्ष बागायतदारांची झोप उडते. मण्यांना तडे गेले तर वर्षाची मेहनत वाया जाते. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, ठिबकने पाणी सोडलं जातं. आपल्या वर्गातली कितीतरी मुलं हे घरीच बघतात. त्यांना विचारा, थंडीत नेमकं काय होतं? बहुतेक जण सांगतील की थंडी आत शिरते.

खरं म्हणजे आत काहीच शिरत नाही. हवेच्या, पाण्याच्या, मण्यातल्या रसाच्या रेणूंची ऊर्जा बाहेर जाते आणि त्यांची हालचाल मंदावते. ही हालचाल मोजण्याची खरी फूटपट्टी ज्यांनी दिली, त्या लॉर्ड केल्विन यांचं चरित्र आज बघू या.

त्यांचं मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म २६ जून १८२४, आयर्लंडमधील बेलफास्ट येथे. सहा वर्षांचे असताना आई गेली. वडील गणिताचे शिक्षक. त्यांनी मुलांना घरीच शिकवलं. पुढे वडील ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि छोटा विल्यम दहाव्या वर्षीच तिथल्या वर्गात बसू लागला. नंतर केंब्रिजला शिक्षण झालं, काही काळ पॅरिसच्या प्रयोगशाळेत काम झालं आणि १८४६ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगोत प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी तब्बल ५३ वर्षं शिकवलं. विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग करावेत म्हणून वाइन साठवण्याच्या एका जुन्या तळघरात त्यांनी प्रयोगशाळा थाटली. वाइनच्या गावातल्या आपल्या मुलांना हे जरूर सांगा!

आता मुख्य मुद्दा. त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ उष्णतेला एक अदृश्य द्रव मानत. तरुण थॉमसनही त्याच मताचे होते. १८४७ साली ऑक्सफर्डच्या एका सभेत त्यांनी जेम्स ज्यूल यांचं भाषण ऐकलं. ज्यूल हे मँचेस्टरजवळच्या एका बिअर बनवणाऱ्या घराण्यातले. ना पदवी, ना प्राध्यापकपद. पण वजन खाली सोडून पाण्यातली चक्री फिरवली की पाणी किंचित तापतं, हे त्यांनी मोजून दाखवलं होतं. म्हणजे हालचालीचीच उष्णता होते. थॉमसनना ते लगेच पटलं नाही, पण त्यांनी ते झटकूनही टाकलं नाही. चार वर्षं विचार केला आणि १८५१ साली आपलं जुनं मत बदलून उष्णता ही गतीच आहे हे स्वीकारलं. पुढे दोघांनी मिळून प्रयोग केले. दाबाखालचा वायू बारीक छिद्रांतून सोडला की बहुधा थंड होतो, कारण दूर जाताना रेणूंची ऊर्जा एकमेकांची ओढ तोडण्यात खर्च होते, हे त्यांनी दाखवलं. हवा थंड करून तिचा द्रव बनवणारी यंत्रं पुढे याच तत्त्वावर उभी राहिली.

१८४८ सालीच थॉमसन यांनी तापमानाची निरपेक्ष श्रेणी सुचवली होती. आपल्या थर्मामीटरचं शून्य म्हणजे फक्त पाणी गोठण्याची खूण, तिथे रेणू थांबत नाहीत. खरं शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला आहे. तिथे रेणूंची गती कमीत कमी असते. अगदी पूर्ण थांबत नाही बरं का, थोडंसं कंपन उरतंच.

याचा उपयोग बघा. निफाडला दुपारी २८ अंश आणि पहाटे ४ अंश असेल, तर मुलांना वाटेल की उष्णता सातपट घटली. केल्विनच्या मापात हे ३०१ वरून २७७. म्हणजे हवेच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा घटली फक्त ८ टक्के! नायट्रोजनच्या रेणूचा वेग सेकंदाला साधारण ५१८ मीटरवरून ४९७ मीटरवर आला, एवढंच. पण तेवढ्यानेच बाष्पाचे मंद झालेले रेणू एकमेकांना धरून ठेवतात आणि पानावर दव पडतं. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं. ते सोडलं की त्याच्या रेणूंची जादा ऊर्जा बागेला मिळते. शेतकऱ्याच्या अनुभवामागे हे विज्ञान आहे.

समुद्राखालून टाकलेल्या अटलांटिक तारेच्या कामाबद्दल त्यांना १८६६ साली सर ही पदवी मिळाली आणि १८९२ साली ते लॉर्ड केल्विन झाले. विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव त्यांनी घेतलं.

पण हा मोठा माणूस एका ठिकाणी चुकला, आणि तेही थंड होण्याच्याच गणितात. पृथ्वी तप्त गोळा होती आणि निवत आली, असं धरून त्यांनी तिचं वय काढलं. शेवटी ते २ ते ४ कोटी वर्षांवर आणलं. आता गंमत बघा, आपल्या पांडवलेणीचा काळा खडक साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास जुना आहे! म्हणजे त्यांच्या हिशोबात पृथ्वी आपल्या डोंगरापेक्षा लहान ठरते. खरं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. आकडेमोड बरोबर होती, गृहीतक चुकलं. पृथ्वीच्या पोटातले पदार्थ हलतात आणि उष्णता वर आणतात, हे त्यांचेच जुने सहायक जॉन पेरी यांनी १८९५ साली दाखवून दिलं होतं. तरुणपणी ज्यूलचं ऐकणाऱ्या केल्विन यांनी म्हातारपणी पेरींचं मात्र ऐकलं नाही.

१८९९ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याच विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून पुन्हा नाव घातलं. १७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांचं निधन झालं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनजवळ त्यांना पुरलं आहे.

वर्गात एक करून बघा. एका ग्लासात कोमट आणि एकात फ्रिजमधलं पाणी घ्या. दोन्हींत न ढवळता शाईचा एकेक थेंब सोडा. थंड पाण्यात शाई सावकाश पसरेल. मुलांना कारण विचारा आणि उत्तर लगेच सांगू नका. एखादा मुलगा वेगळंच काही बोलला, तर त्याला गप्प करू नका. मागच्या बाकावर कदाचित ज्यूल बसलेला असेल, किंवा पेरी. त्याचं ऐकायचं की नाही, हे आपल्या हातात आहे.