खाणींतील दिव्याचा कर्ता : सर हंफ्री डेव्ही

वाचकहो, आपल्या घरीं तारेची बारीक चाळण असल्यास तिच्याकडे जरा निरखून पाहावें. असल्याच जाळींत ज्यांनीं अग्नीस कोंडून ठेविलें, त्यांचें चरित्र आम्ही आज देत आहों.

हंफ्री डेव्ही यांचा जन्म १७७८ सालीं इंग्लंडांत, पेन्झन्स गांवीं झाला. बाप लांकडावर नक्षी कोरीत असे. तो लवकर वारला, व मुलगा एका वैद्याच्या हाताखालीं उमेदवारी करूं लागला. पुढें ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अध्यापक झाले. त्यांचे इतर शोध पुष्कळ आहेत. आमचें लक्ष दिव्याकडे आहे.

त्या काळीं खाणकामगार उघडा दिवा घेऊन खालीं उतरत. कोळशांतून निघणारा वायु हवेंत मिसळला, कीं त्या ज्योतीनें भडका उडे. १८१२ सालच्या मे महिन्यांत न्यूकॅसलजवळील फेलिंग खाणींत ९२ पुरुष व मुलगे असे मेले. तेथील पाळक जॉन हॉजसन यांनीं त्यांस मूठमाती दिली. आणि मालकांस बोभाटा नको असतांही सर्व हकीकत छापून प्रसिद्ध केली.

१८१५ सालीं डेव्ही त्या प्रांतीं जाऊन आले. मागाहून हॉजसन यांनीं तो वायु बाटल्यांत भरून लंडनास पाठविला. डेव्ही यांस आढळलें कीं, इंचाच्या सातव्या हिश्शाएवढ्या अरुंद नळींतून भडका पुढें जात नाहीं. पुढचा वायु पेटण्यास उष्णता पाहिजे. अरुंद जागेंत ती भोंवतालचा धातु शोषून घेतो, आणि ज्योत विझते. जाळी म्हणजे तरी काय? अगदीं आंखूड नळ्या, एकमेकींस लागून मांडलेल्या! चौरस इंचांत ७८४ छिद्रें असलेली जाळी त्यांनीं दिव्याभोंवतीं बसविली. हवा आंत जाते, उजेड बाहेर येतो, आग आंतच राहते. वायु वाढल्यास ज्योतीवर निळी शिखा दिसून कामगार सावध होतो. जानेवारी १८१६ मध्यें हेबर्न खाणींत ह्या दिव्याची परीक्षा झाली.

डेव्ही यांनीं शोधाचा मक्ता घेतला नाहीं. मात्र जॉर्ज स्टीफन्सन यांनीं त्याच सुमारास स्वतंत्रपणें असा दिवा केला होता, हें त्यांनीं कधीं मान्य केलें नाहीं. एवढ्या थोर पुरुषास तें शोभलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

एक विपरीतही घडलें. धोक्याच्या म्हणून सोडलेल्या जागीं मालकांनीं पुन्हां काम सुरू केलें. जाळी गंजली, फाटली, किंवा वाऱ्याचा जोर झाला, कीं ज्योत बाहेर पडे. डेव्ही १८२९ सालीं जिनिव्हा येथें वारले, तेव्हांही खाणींत माणसें मरतच होतीं.