कैदेत घडलेला छत्रपती

रायगडाच्या परिसरातील, माणगावजवळच्या गांगवली गावी १८ मे १६८२ रोजी येसूबाईंच्या पोटी पुत्र जन्मला. आजोबांचे शिवाजी हे नाव त्याला ठेवण्यात आले; इतिहास मात्र त्याला शाहू या नावाने ओळखतो.

मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली. मोगलांचा वेढा रायगडाला पडला. राजाराम महाराजांना सुखरूप बाहेर काढून येसूबाई मुलासह गडावरच राहिल्या. नोव्हेंबरात गड पडला आणि सात वर्षांचे शाहू मोगलांचे कैदी झाले.

पुढील अठरा वर्षे शाहूंनी बादशाही छावणीत काढली. ज्याने पित्याचा वध केला, त्याच बादशहाने त्यांना सात हजारी मनसब दिली. बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने त्यांना मायेने वागविले. सन्मान होता, पण स्वातंत्र्य नव्हते. घोडदौडीच्या आणि मोहिमांच्या वयात त्यांच्या वाट्याला पहारा, दरबारी रिवाज आणि उद्याची अनिश्चितता आली. संयम, सावधपणा आणि माणसे ओळखण्याची दृष्टी त्यांनी येथेच कमावली.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये आझमशहाने त्यांना मुक्त केले, ते मराठ्यांत दुही माजावी या हेतूने. येसूबाई मात्र ओलीस राहिल्या. ताराबाईंच्या पक्षाचा खेड येथे पराभव करून शाहूंनी १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास राज्याभिषेक करविला. किनाऱ्यावर प्रबळ असलेले कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूचे होते. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी १७१४ मध्ये त्यांच्याशी तह केला. सरखेलपद आणि किल्ले त्यांच्याकडेच ठेवून कोकणचे आरमार शाहूंच्या पक्षास जोडले गेले.

हीच तडजोडीची वृत्ती दिल्लीविषयीच्या धोरणात दिसते. १७१८ मध्ये सय्यद हुसेन अलीशी करार झाला. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून स्वराज्याच्या आणि दक्षिणेतील सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्या मोबदल्यात वार्षिक दहा लाखांची पेशकश आणि पंधरा हजार स्वारांची चाकरी शाहूंनी मान्य केली. आजोबांनी सार्वभौम सिंहासन स्थापिले. नातवाने बादशाही मोडण्याऐवजी तिच्या छायेत राहून तिचे उत्पन्न हाती घेणे पसंत केले. या धोरणाला भावनेची किनार होती, तशी व्यवहाराचीही. त्याच वर्षी, तीस वर्षांच्या कैदेनंतर, येसूबाई स्वदेशी परतल्या. ज्या पुत्राची आई शत्रूच्या हाती आहे, त्याच्या नेमस्तपणाला केवळ दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

पराभूत आप्तांशीही त्यांनी सूडाने वर्तन केले नाही. निजामाला मिळालेल्या कोल्हापूरच्या संभाजीराजांशी त्यांनी १७३१ मध्ये वारणेचा तह केला.

या स्वभावाची दुसरी बाजूही होती. तलवार आणि कारभार दोन्ही त्यांनी कर्तबगार माणसांवर सोपविले. त्यातून बाजीरावांसारखा सेनानी पुढे आला. पण सरदारांतील चुरस आवरणे छत्रपतींना जड गेले. १७३३ च्या सिद्दीवरील मोहिमेत हे प्रकर्षाने दिसले. पेशवे आणि प्रतिनिधी यांच्यातील बेबनावाने जंजिरा निसटला. तरीही त्याच जून महिन्यात रायगड पुन्हा मराठ्यांकडे आला. ज्या गडावरून सात वर्षांचा मुलगा कैदी म्हणून उतरला, तो गड ४४ वर्षांनी त्याच्याच राज्यात परतला.

१५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास शाहू महाराजांचे निधन झाले. त्यानंतर सत्तेचे केंद्र पुण्याकडे सरकले. राज्य विस्तारले, छत्रपतींचा अधिकार संकोचला. या दोहोंची मुळे त्या अठरा वर्षांच्या कैदेत शोधावी लागतात.